रेशमाच्या खटल्यातली तीन टिंबं

समजा, तुमच्यापुढे अडतीस पानांचा एक निकाल ठेवला आहे. उच्च न्यायालयाचा, इंग्रजीतला, बारीक टायपाचा. तुम्हाला त्याची सहा पानं करायची आहेत. पदरचा एक शब्दही घालायचा नाही, फक्त काढायचं. जिथे काढाल तिथे तीन टिंबं द्यायची, म्हणजे इथे काहीतरी होतं एवढं वाचणाऱ्याला कळावं. ही सहा पानं घेऊन साठ मुलं वर्गात बसणार. त्यातल्या कोणालाही उभं करून मास्तर विचारणार, काय घडलं, कोण काय म्हणालं, कोर्टाने काय ठरवलं आणि कशावरून ठरवलं. मुलं मूळची अडतीस पानं कधीच उघडणार नाहीत. तुम्ही शिल्लक ठेवाल तेवढाच त्यांचा कायदा.

घ्या पेन्सिल. तारखा गेल्या, वकिलांची नावं गेली, तेच ते दुसऱ्यांदा सांगणारे परिच्छेद गेले. साडेसहा पानांपर्यंत हात भराभर चालतो. खरी परीक्षा त्यापुढच्या अर्ध्या पानाची. तिथे एकेक ओळ जागची हलायला तयार नसते.

धनलक्ष्मीने हे काम बावीस वर्षं केलं, आणि तिच्या नेमणुकीच्या पत्रात त्याचा उल्लेखही नव्हता. पत्रात होतं 'ग्रंथालय सहायक'. राजाजीनगरात मराठी मंडळींच्या एका जुन्या ट्रस्टचं सायंकाळचं लॉ कॉलेज आहे. दिवसा नोकऱ्या करणारी माणसं संध्याकाळी तिथे वकिलीचं शिक्षण घेतात. शिकवणं इंग्रजीत, मुलांच्या गप्पा कन्नडात आणि ऑफिसातली भांडणं मराठीत. त्या कॉलेजात ती सत्तावीस वर्षांची असताना आली. शाळा कन्नड माध्यमाची. बी.ए. झालं, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की घाम फुटायचा. वडील पिराजी शिंपी, वकिलांचे काळे कोट शिवण्यात नाव कमावलेले. "माझ्या कोटांनी किती खटले जिंकले असतील, मोजदाद नाही," असं ते गिऱ्हाइकाला सांगत. मुलगी कोटांच्या आतल्या माणसांची पुस्तकं सांभाळते, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

कापायचं काम तिच्याकडे आलं ते श्रीधरराव सरांमुळे. सर कराराचा कायदा शिकवायचे. बाजारातली गाइडं त्यांना चालत नसत. "नियम पाठ करून वकील होत नाही, माणसं कशावरून भांडली ते वाचून होतो," म्हणायचे, आणि दरवर्षी निवडक निकालांचे उतारे काढून, झेरॉक्स करून, स्पायरल बांधून मुलांना द्यायचे. मुलं त्याला 'सरांचं मटेरियल' म्हणत. सर लाल पेन्सिलीने परिच्छेद निवडत आणि धनलक्ष्मी हिरव्या पेन्सिलीने ते आणखी आवळून सहा पानांत बसवी. सहा म्हणजे सहा. सातव्या पानावर एक ओळ गेली तरी सर पूर्ण गठ्ठा परत करत. हे करता करताच ती इंग्रजी शिकली. भाजीवाल्याशी दोन वाक्यं बोलायची पंचाईत, पण 'या युक्तिवादात आम्हास तथ्य आढळत नाही' हे इंग्रजीतून अकरा प्रकारांनी सांगता येई.

पुढे काचबिंदूने सरांचे डोळे गेले. सावल्या तेवढ्या दिसत. तरी दर जूनला ती मटेरियल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. टिंबंसुद्धा वाचायची, असा दंडक होता. "टिंबं," ती म्हणायची, आणि सर मान हलवायचे. रेशमाच्या खटल्याचं चौथं पान मात्र ते दरवर्षी दोनदा वाचायला लावत. तिला वाटे, सरांना तो उतारा आवडतो. आवडावा असाच होता.

सरांचा वर्ग म्हणजे उलटतपासणी. नाव पुकारलं की उभं राहायचं. मुलगा एखादं वाक्य झोकात वाचून दाखवायचा, आणि सर आंधळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे रोखून विचारायचे, "हे कोण म्हणतंय?" वादी, प्रतिवादी, साक्षीदार, खालचं कोर्ट, वरचं कोर्ट, की तूच? मुलं कँटीनमध्ये त्यांची नक्कल करायची. "इडली गार आहे." "हे कोण म्हणतंय?"

यंदा ते मटेरियल खरोखरीचं पुस्तक होणार होतं. शहरातला एक प्रकाशक तयार झाला होता, आणि सोमवारी फाइल छापखान्यात जायची होती. नावाच्या पानावर श्रीधररावांच्या खाली लहान अक्षरांत एक ओळ होती, 'उताऱ्यांचे संपादन: धनलक्ष्मी पी.' पी म्हणजे पिराजी. चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने ही बातमी साऱ्या गल्लीत पोचवली होती. दूधवाल्यालाही.

शनिवारी सकाळी साडेअकराला प्रणिता लायब्ररीत आली.

ती दुसऱ्या वर्षाला होती, निपाणीकडची. एचएसआर लेआउट भागातल्या एका कंपनीत दिवसभर जुने निकाल संगणकावर चढवण्याचं काम करायची. प्रत्येक परिच्छेदाला तिथे खूण लावायची असते, ही हकीकत, हा वादीचा युक्तिवाद, हा प्रतिवादीचा, हा कोर्टाचा निर्णय. दिवसाला चारशे खुणा. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"अक्का, एकोणीसशे अठ्ठावन्नचा खंड पाहिजे होता. रेशमाचा खटला."

"मटेरियलात आहे की तो."

"त्यातच गडबड आहे वो." प्रणिताने आवाज खाली घेतला. "चौदावा परिच्छेद. 'जो पावती घेतो तो तिच्या दोन्ही बाजू घेतो.' ते कोर्ट म्हणतच नाही. गोदामाचा वकील म्हणतो. मी पेपरात तसं लिहिलं. यशोवर्धन सरांनी दहापैकी शून्य दिलं. दोन मार्कांनी गेले मी. वर्ष जातंय माझं."

"मग तक्रार कर."

"केली. आज चारला बोलावलंय समितीनं. मी कंपनीतनं प्रिंट काढून आणली, तर प्राचार्यबाई म्हणाल्या, कुठल्याही साइटवरचं चालणार नाही, छापील खंड आणा." मग ती एकदम हसली. "तुम्ही एक मिनिटात काढून देता, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे."

"सरी, बरं. बस, आणते," धनलक्ष्मी म्हणाली.

आतल्या खोलीत खंड जागच्या जागी होता. कडेची शिवण सुटली होती. तिने उभ्या उभ्या पान उघडलं. खटला तिला तोंडपाठ होता. चिक्कण्णा नावाच्या व्यापाऱ्याने रेशमाचं सूत एका गोदामात ठेवलं. पावतीच्या पाठीवर बारीक टायपात छापलं होतं, मालाची जबाबदारी मालकाची. छप्पर गळलं, सूत कुजलं. व्यापारी शेवटी जिंकला, कारण छप्पर गळतंय हे गोदामवाल्याला आठ दिवस आधीच ठाऊक होतं, आणि असल्या हयगयीला कुठलीही अट झाकू शकत नाही. मटेरियलात हा खटला हयगयीच्याच प्रकरणात होता.

चौदावा परिच्छेद पानाच्या मध्यावर सुरू होत होता. पहिली ओळ अशी होती, 'गोदामाच्या वतीने आमच्यापुढे जोरदारपणे असे मांडण्यात आले की'. त्या ओळीभोवती एक कंस होता. हिरवा.

धनलक्ष्मीच्या पेन्सिलीचा.

तिला ती दुपार आठवली. सहा वर्षांपूर्वीची. सरांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, मटेरियल दुसऱ्या दिवशी झेरॉक्सला द्यायचं होतं, आणि रेशमाचा खटला सहा पानं आणि एक ओळ भरत होता. एक ओळ. तिने खालीवर पाच वेळा नजर फिरवली. मग ही ओळ दिसली. 'जोरदारपणे असे मांडण्यात आले की' असली वाक्यं तिने शेकड्याने कापली होती, कोर्ट पुढे तोच युक्तिवाद मान्य करणार असेल तर काही बिघडत नसे. तिने हिरवा कंस केला, तीन टिंबं दिली, आणि खटला सहा पानांत बसला. तिला त्या दिवशी समाधानही वाटलं होतं.

पण इथे कोर्टाने तो युक्तिवाद मान्य केला नव्हता. सोळाव्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं, 'हे म्हणणे आम्हास मान्य नाही. अट दाखवण्याची जबाबदारी अट घालणाऱ्याची आहे. पाठीमागे छापून ठेवणे म्हणजे दाखवणे नव्हे.' पंधरा ते सतरा हे परिच्छेद सरांनी लाल पेन्सिलीने आधीच बाजूला काढले होते, ते हयगयीचे नव्हते म्हणून. वकिलाचं बोलणं वकिलाच्या नावाने राहिलं असतं, तर त्यात काही चुकलं नसतं. तिने नाव उडवलं, आणि हरलेल्या वकिलाच्या अंगावर न्यायमूर्तींचा झगा चढवला.

सहा वर्षं. वर्षाला साठ मुलं. 'जो पावती घेतो तो तिच्या दोन्ही बाजू घेतो.' चौथ्या पानावरचं हे वाक्य मुलांना फार आवडायचं, वहीच्या पुठ्ठ्यावर लिहायची. सरांनी वर्गात विचारलं, "हे कोण म्हणतंय?" की मुलगा म्हणे, "कोर्ट, सर." सर म्हणत, "हं." आणि पुढे जात. सरांना वर्गात सोडायला ती जायची, मागच्या बाकावर बसायची. तो "हं" तिने स्वतःच्या कानांनी सहा वेळा ऐकला होता.

आता तो कंस सोमवारी छापखान्यात चालला होता. तिचं नाव घेऊन.

ती रिकाम्या हातांनी बाहेर आली.

"अगं, बायंडिंगला गेलाय तो खंड," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कोणाचा वाटला. "शिवण सुटली होती."

प्रणिताचा चेहरा उतरला, पण ती हलली नाही. "कुठल्या दुकानात, अक्का? वहीत नोंद असेल की. नंबर द्या, मी रिक्षानं जाऊन आणते."

"आज बंद असतो तो."

"शनिवारी?"

"त्याच्या घरी कार्य आहे काहीतरी."

"असू दे," प्रणिता म्हणाली. "मी इथंच बसते. कुठं जाऊ? फोन लागला त्याचा तर सांगा." आणि ती समोरच्याच बाकावर पंख्याखाली बसली. डबा काढला नाही, पुस्तक उघडलं नाही. नुसती बसली. खंड आतल्या खोलीत, तिच्यापासून पंधरा पावलांवर.

बारा वाजले. साडेबारा. धनलक्ष्मीने तीन वेळा आत जाऊन कपाट उघडलं. तिसऱ्या वेळी तिने खंड पदराखालून आणून टेबलाच्या खणात ठेवला आणि खोडरबर घेतलं. खण अर्धा उघडा ठेवून, आतल्या आत, तिने कंसाची एक बाजू घासली. हिरवा रंग निघेना. नुसता फिस्कटला, पालकाची भाजी सांडल्यासारखा. तिने हात थांबवला. खूण पुसली तरी छापलेली ओळ कशी पुसणार होती?

बाकावरून आवाज आला, "अक्का, पाणी देऊ का? तुम्हाला घाम आलाय."

"नको गं. पंखा तिकडे आहे ना, म्हणून."

एक वाजता यशोवर्धन आला. पुण्याचा, तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेला, सरांच्या हाताखाली कराराचा पेपर तपासणारा. हातात एक कागद नाचवत होता.

"अक्का! नावाचं पान आलं. फायनल. बघा, स्पेलिंग चेक करा. आता पार्टी मस्ट आहे."

धनलक्ष्मीने कागद घेतला. आपलं नाव छापलेलं तिने यापूर्वी फक्त रेशन कार्डावर आणि लग्नपत्रिकेवर पाहिलं होतं. धनलक्ष्मी पी. आपण काय कापलं, काय ठेवलं, याची बावीस वर्षांत कोणी दखल घेतली नव्हती. तिने बोटाने ती अक्षरं चाचपून पाहिली.

यशोवर्धनची नजर बाकावर गेली. "ओह, तू इथे? अगं, आज मीटिंगमध्ये प्लीज आर्ग्यू करत बसू नकोस. सरांसमोर 'तुमचं मटेरियल चुकलं' म्हणतेस? सीरियसली? सर एका प्रश्नात उडवतील तुला."

"उडवू देत की, सर. शून्याच्या खाली कुठं जाणार?"

"बोलायला काय जातंय," तो म्हणाला, आणि धनलक्ष्मीकडे वळून खालच्या आवाजात, "अक्का, वाईट वाटतं मला. पण उत्तराचा नमुना मटेरियलवरूनच बनवलाय. त्यात 'कोर्ट म्हणतं' असं आहे. मी काय करणार?"

तो गेला. धनलक्ष्मीने ते पान खणात, खंडावर ठेवलं आणि खण बंद केला.

दोनला पिराजींचा फोन आला. "काय गं, नाव आलं का छापून?"

"आलं, बाबा."

"बरोबर आलंय ना? उसवायला लागणार नाही ना आता?"

"घरी आल्यावर दाखवते," ती म्हणाली.

प्रणिताने अडीचला डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि बंद केला. मग पर्समधून आपली प्रिंट काढून ती ओठांतल्या ओठांत वाचू लागली. सव्वातीन. साडेतीन. धनलक्ष्मी हिशेब मांडत होती. सांगितलं तर काय होईल? ट्रस्टची माणसं म्हणणार, एका कारकून बाईने न्यायमूर्तींचं तोंड कापलं आणि सरांनी ते होऊ दिलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सरांच्या पहिल्या पुस्तकाला हा डाग. नाही सांगितलं तर ही मुलगी एक वर्ष मागे. शिवाय सोमवारनंतर साठ नाही, हजारो मुलं.

चारला पाच कमी असताना प्रणिता उठली. टेबलापाशी आली.

"येते, अक्का. त्या बायंडरचा फोन लागला नाही ना? असू दे. तुम्ही सकाळपासनं माझ्यापायी जेवला पण नाही."

ती जिना चढू लागली. धनलक्ष्मीला वाटलं, हिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने खण उघडला.

प्राचार्यांच्या खोलीत तिघं बसली होती. प्राचार्य सुनंदाबाई मध्ये, एका बाजूला श्रीधरराव काठीवर दोन्ही हात ठेवून, दुसऱ्या बाजूला यशोवर्धन. धनलक्ष्मी दाराबाहेर उभी राहिली. खंड छातीशी धरलेला.

"प्रणिता," सरांचा आवाज आला. "बसू नकोस. उभी राहा. रेशमाचा खटला. काय घडलं?"

प्रणिताने सांगितलं. नीट सांगितलं, सूत, पावती, छप्पर, आठ दिवस.

"'जो पावती घेतो तो तिच्या दोन्ही बाजू घेतो.' हे कोण म्हणतंय?"

"गोदामाचा वकील, सर."

"मटेरियलात वकिलाचं नाव आहे?"

"नाही, सर. तिथं तीन टिंबं आहेत."

"मग टिंबांत तुला वकील दिसला? मला डोळे नाहीत म्हणून विचारतो."

यशोवर्धन खाकरला. प्रणिता बोलत राहिली. "सर, कंपनीत मी रोज असले परिच्छेद लावते. कोर्ट स्वतःचं मत सांगतं तेव्हा कारण देतं. इथं कारणच नाही, नुसता जोर आहे. जोर वकिलाचा असतो. म्हणून मूळ निकाल काढून बघितला."

"छापील खंड आणलास?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"नाही, मॅडम. बायंडिंगला गेलाय."

"मग समितीपुढे काय आहे? एका कंपनीची प्रिंट. उद्या कोणीही काहीही टाइप करून आणेल. सर, मला वाटतं की..."

"खंड इथे आहे," धनलक्ष्मी दारातून म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सरांनी पाहिलं नाही, फक्त मान थोडी तिरकी केली, बांगड्यांचा आवाज ओळखल्यासारखी.

"बायंडिंगला गेला नव्हता. मी हिला खोटं सांगितलं. सकाळपासून माझ्याच खणात होता."

प्रणिता तिच्याकडे बघतच राहिली. त्या नजरेला तोंड देण्यापेक्षा धनलक्ष्मीने पान उघडलं.

"धनलक्ष्मीबाई," सर सावकाश म्हणाले, "आणलाच आहे, तर वाचा. चौदावा. पहिल्या शब्दापासून."

ती वाचू लागली. दर जूनला वाचायची तसंच, तोच सूर, फक्त जिथे ती सहा वर्षं "टिंबं" म्हणत आली होती तिथे आज शब्द होते. वाक्याच्या मध्यावर तिने श्वास घ्यायला सहज वर पाहिलं. सरांचे ओठ हलत होते. ती अजून 'जोरदारपणे' या शब्दाशी होती आणि सरांचे ओठ 'मांडण्यात आले' पर्यंत पोचले होते.

ती थांबली नाही. चौदावा संपवला, मग सोळावा वाचला. 'पाठीमागे छापून ठेवणे म्हणजे दाखवणे नव्हे.'

सुनंदाबाईंनी खंड ओढून घेतला, चष्मा वर सरकवला. "हा हिरवा कंस कोणाचा?"

"माझा. सरांची पेन्सिल लाल असते. तो फिस्कटलाय तोही मीच. आज दुपारी पुसायला गेले होते."

"का कापली ही ओळ?"

"एक ओळ जास्त होत होती, बाई. सातव्या पानावर जात होती."

"एका ओळीसाठी?" सुनंदाबाई तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू ती कन्नड, मराठी सोडून तिसऱ्याच भाषेत बोलली असावी.

"या मुलीला नऊ द्या," सर म्हणाले.

"नऊ का, सर?" यशोवर्धनच्या तोंडून निघून गेलं. "आता तर उत्तर पूर्ण बरोबर आहे."

"सतराव्या परिच्छेदाचा उल्लेख तिने केला नाही. वाचून बघा पेपर." सर प्रणिताकडे वळले. "मूळ निकाल बघितलास म्हणालीस. मग पूर्ण वाच."

"हो, सर," प्रणिता म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही. नऊ म्हणजे ती पास होती.

"आणि आधीच्या बॅचेस?" यशोवर्धन हळूच म्हणाला. "कोणी कोर्टात उभं राहून हे वाक्य म्हटलं असेल तर..."

"जुन्या सगळ्या मुलांना पत्र लिहा. माझ्या सहीचं. आज." सरांनी काठी जमिनीवर टेकवली. "पुस्तकात ती ओळ परत घाला, सोळावाही घाला. सात पानं होऊ देत. आठ होऊ देत."

"आणि नाव?" सुनंदाबाईंनी विचारलं. धनलक्ष्मीकडे न पाहता. "सर, ट्रस्ट विचारणार. एवढं झाल्यावर नावाच्या पानावर यांचं नाव..."

धनलक्ष्मीने खाली पाहिलं. मनातल्या मनात तिने ती ओळ कापून टाकलीच होती. टिंबंसुद्धा न देता.

"नाव राहील," सर म्हणाले. "उद्या कोणाला पुस्तकात काही खटकलं, तर जाब विचारायला माणूस सापडायला नको? हे कोणी कापलं, एवढं तरी वाचणाऱ्याला कळू दे. बावीस वर्षं ते कळत नव्हतं, ही चूक माझी."

त्यात माया होती की फटका, हे तिला ठरवता आलं नाही.

बाहेर व्हरांड्यात प्रणिता थांबली होती. धनलक्ष्मी तिच्यासमोर उभी राहिली. "चुकलं माझं. सकाळीच द्यायला हवा होता."

"बायंडरच्या घरी कार्य आहे, हे भारी होतं, अक्का," प्रणिता म्हणाली. "मला खरं वाटलं होतं वो." तिने पाठ वळवली. दोन पायऱ्या उतरून परत मागे पाहिलं. "तुमच्या त्या खंडाला खरंच बायंडिंगला द्या आता. पानं सुटायला लागलीत." ती रागावली होती, आणि धनलक्ष्मीला ते बरोबर वाटलं.

दर शनिवारसारखी ती सरांना फाटकापर्यंत सोडायला निघाली. त्यांचा हात तिच्या कोपरावर. पायरी आली की ती "पायरी" म्हणायची, ते उतरायचे. एरवी ते बोलत असत, हवेबद्दल, ट्रस्टच्या माणसांबद्दल. आज गप्प होते. तिच्या डोक्यात ते ओठ हलत होते. ती ओळ मटेरियलात सहा वर्षं नव्हती. तिच्या तोंडून सरांनी ती सहा वर्षांत एकदाही ऐकली नव्हती. डोळे गेल्यानंतर तो खंड त्यांनी हातात धरल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि तरी शब्द न् शब्द, तिच्याही पुढे.

मग दर जूनला चौथं पान दोनदा का वाचायला लावलं? वर्गात "कोर्ट, सर" ऐकून "बरोबर" न म्हणता, "चूक" न म्हणता, नुसतं "हं" का? कोणी मुलगा एक दिवस उठून 'नाही, सर' म्हणेल, याची वाट बघत होते? की तिला वाट देत होते, तिने स्वतः थांबून 'सर, इथे काहीतरी गेलंय' म्हणावं म्हणून? की सरळ साधं, ती दुखावू नये म्हणून? की त्यांनाही त्या दोन वेळच्या वाचनात काहीतरी खुपत होतं आणि बोट ठेवता येत नव्हतं, आणि आज तिचे शब्द कानावर पडताच जुनी आठवण वर आली, एवढंच?

रिक्षा आली. तिने कन्नडात भाडं ठरवलं, सरांना आत बसवलं, काठी त्यांच्या गुडघ्यांमध्ये नीट ठेवली.

"सोमवारी या दहाला," सर म्हणाले. "नवी पानं वाचून दाखवायची आहेत. टिंबांसकट."

"येते, सर."

रिक्षा सुरू झाली. तिने रिक्षाच्या दांडीवर हात ठेवलेला होता, तो काढला नाही. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. सरांनी तिच्या दिशेने मान तिरकी केली, वर्गात एखादा मुलगा उत्तर देईल म्हणून थांबायचे तशी.

तिने हात काढला. रिक्षा गेली.

सोमवारी ती पानं वाचेल. चौदाव्या परिच्छेदापाशी येईल, ती ओळ पूर्ण म्हणेल, आणि मग कदाचित मान वर करून विचारेल. वाक्य तिने तयार ठेवलं आहे, एकही शब्द जास्त नाही: सर, ही ओळ तुम्हाला पाठ होती, मग सहा वर्षं मी ती न वाचता पुढे जात होते तेव्हा तुम्ही मला थांबवलं का नाही?